गडाची झाडी आणि खाडीचा गाळ

रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याला लागले आणि भाट्ये खाडीवरचा पूल ओलांडला, की उजव्या हाताला लांबच लांब सरळ पुळण दिसते. पुळणीच्या माथ्याला सुरूचे बन आहे. जवळच नारळ संशोधन केंद्राची बाग आहे. पुळणीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, तर काजळी नदी जेथे समुद्राला मिळते ते खाडीचे तोंड दिसते, त्याच्या पलीकडे मांडवी, आणि त्याही पलीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरावर रत्नदुर्ग आणि त्याचे दीपगृह.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका गटाबरोबर आम्ही येथे उभे होतो. ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा उघडा पडला होता आणि दोन होड्या भरतीची वाट पाहत बाहेर थांबल्या होत्या. तेवढ्यात एका शिक्षिकेने प्रश्न केला, "मुलांना किल्ल्यावर नेले की सगळे इतिहासाचे गुरुजीच बोलतात. आम्ही विज्ञान शिकवणाऱ्यांनी तेथे काय सांगायचे?"

त्या वेळी आम्ही हात केला तो खाडीच्या तोंडाकडे. किल्ला आणि समोरचा गाळ यांचा संबंध आहे, एवढेच म्हणालो. तो संबंध नीट सांगायचा, तर साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते आणि मग परत आजच्या दिवसाला यावे लागते. मधल्या वाटेवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: सैन्याच्या ताब्यातील जमिनीचे, तिच्यावरच्या झाडांचे आणि पाण्याचे काय होते? ती राखली जाते की उजाड होते?

छावणीतील गवताचा हिशेब

सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यातच, चिपळूणला करू. शिवाजी महाराजांचे घोडदळ राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ छावणीला होते. तेथील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते रयतेच्या देठालाही हात लावू नये या शिकवणुकीसाठी येते. विज्ञानाच्या शिक्षकाने तेच पत्र वेगळ्या नजरेने वाचावे.

पत्राचा आशय असा. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत मोठ्या कष्टाने साठवले आहे. ते आताच मनाला येईल तसे खर्च केले, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग माणसे गावात शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. रयत परागंदा होईल. यापुढे आगीचा इशारा आहे. चुली, चिलमी, रात्रीचे दिवे यांच्यावर लक्ष ठेवा. उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि गवताच्या गंजीला आग लागते, इथपर्यंत बारकाईने लिहिले आहे.

या पत्रात साठा किती, खर्चाचा वेग किती आणि नवा माल केव्हा येणार, असा तीन पदांचा हिशेब आहे. साठ्यापेक्षा खर्चाचा वेग जास्त झाला की भार शेजारच्या जमिनीवर पडतो, हेही त्यात स्पष्ट आहे. परिसरशास्त्रात याला आपण धारणक्षमता म्हणतो. हजारो घोडी एका जागी बांधली तर त्या जागेच्या धारणक्षमतेवर किती ताण येईल, हे पत्र लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

आज्ञापत्रातील गड

त्यानंतर चार दशकांनी, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत स्वराज्याचा कारभार पाहिलेला हा माणूस. राज्य कसे चालवावे याचे नियम त्यांनी त्यात सांगितले आहेत. त्यात गडकोटांवर एक प्रकरण आहे आणि आरमारावर एक आहे. दोन्ही प्रकरणे विज्ञानाच्या तासाला वाचण्यासारखी आहेत. त्यांतील चार गोष्टी येथे आमच्या शब्दांत देतो.

पहिली गोष्ट पाण्याची. गड बांधण्याआधी जागेवर पाणी आहे का ते पाहावे. नसेल आणि जागा तर हवीच असेल, तर खडक फोडून टाकी, तळी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या धडाक्याने झरे कमी होतात, म्हणून साठ्याचे पाणी निराळे ठेवावे आणि ते जपून वापरावे.

दुसरी गोष्ट केराची. गडावर रस्त्यात, बाजारात, तटाजवळ कचरा पडू देऊ नये, तो गडाखालीही टाकू नये. जागच्या जागी जाळून ती राख परसात घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा.

तिसरी गोष्ट गडावरच्या झाडांची. आहेत ती झाडे राखावीत, आणखी लावावीत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी मोठी झाडे, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे, वेली, उपयोगाचे असो वा नसो, जे झाड येथे जगेल ते लावावे. अडचणीच्या वेळी निदान त्याचे लाकूड तरी उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट या सगळ्यांत महत्त्वाची. गडाच्या उतारावरची झाडी हीच गडाची राखण आहे, असे अमात्य म्हणतात. ती प्रयत्नपूर्वक वाढवावी. तिच्यातील एक काठीदेखील तोडू देऊ नये. लढाईच्या प्रसंगी त्या झाडीत बंदूकधारी लपून बसू शकले पाहिजेत.

आरमाराच्या प्रकरणातही झाडांचा विचार आहे. जहाजाला लागणारे सागवान सरकारी रानातून परवानगीने तोडावे. कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस यांचे लाकूड चांगले असले तरी त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जुने झाले असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. जबरदस्ती करू नये.

हे पर्यावरणप्रेम होते का?

येथे थोडे सावध राहायला हवे. अलीकडे हे उतारे भिंतीवर लावले जातात आणि तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे पर्यावरण चळवळ होती असे भाषणांत सांगितले जाते. तसे म्हणणे बरोबर नाही. अमात्यांना झाडी हवी होती ती शत्रूला अडवण्यासाठी. सह्याद्रीतील जंगल हे शस्त्र होते. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली ती अरुंद वाटेमुळे आणि दाट रानामुळे. उतारावरची झाडी तोडायची नाही हा लष्करी नियम होता.

पण नियमाचा हेतू लष्करी होता म्हणून त्याचा परिणाम बदलत नाही. कोकणातील गडाच्या उतारावर दाट झाडी असली, तर तेथे काय घडते ते पाहू.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उघड्या उतारावर पावसाचा थेंब आदळला की मातीचे कण सुटे होतात आणि वाहत्या पाण्याबरोबर खाली जातात. झाडी असेल तर थेंबाचा जोर पानांवर मोडतो. त्यातून खाली पडलेले पाणी पालापाचोळ्याच्या थरावर पडते. करवंद, तोरण, अंजनी यांसारख्या झुडपांच्या मुळ्यांनी माती बांधून ठेवलेली असते. पाणी वाहून जाण्याऐवजी मुरते.

मुरलेले पाणी कोठे जाते? कोकणातील डोंगरमाथ्यावर बहुतेक ठिकाणी जांभा दगड आहे. त्याला असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी खाली उतरते आणि जांभ्याखालच्या मऊ चिकणमातीच्या थराला लागले की अडते. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे उतारावरची झाडी शाबूत असली, तर झरा उन्हाळ्यात जास्त दिवस टिकण्याची शक्यता वाढते आणि खालच्या ओढ्यात गाळ कमी जातो. अमात्यांचा पाण्याचा नियम आणि झाडीचा नियम हे निसर्गात एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. ही साखळी त्यांना आपल्या भाषेत मांडता आली नसती. पण नियम अमलात आला की ती आपोआप राखली जात होती.

आणखी एक मुद्दा. नियम फक्त लिहिलेला नव्हता, तो पाळून घेण्यासाठी माणसे नेमलेली होती. गडाला हवालदार, सबनीस, कारखानीस असत. घेऱ्यातील वस्तीकडे राखणीचे काम असे. झाडी कोणाच्या जबाबदारीवर आहे, या प्रश्नाला उत्तर होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या शतकात नेमके हेच उत्तर नाहीसे झाले.

१८१८ नंतर

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि रत्नदुर्गासह कोकणातील किल्ले इंग्रजांकडे गेले. त्यांना या किल्ल्यांचा उपयोग नव्हता. उलट, कोणी बंड करून आश्रय घेऊ नये म्हणून अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या, दरवाजे मोडून टाकले गेले. गडाचे लष्करी महत्त्व संपताच उतारावरच्या झाडीचेही महत्त्व संपले. जी झाडी गडाची राखण होती, ती आता केवळ जळाऊ लाकूड झाली.

सागवानाचे तेच झाले. कान्होजी आंग्रे यांनी आरमारासाठी रत्नागिरीच्या किनारपट्टीवर सागाची राने जोपासली होती. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या दशकांत ती नष्ट झाल्याची नोंद आहे. गंमत अशी की त्याच काळात इंग्रजांनाही जहाजांसाठी सागच हवा होता. इंग्लंडातील ओक कमी पडू लागला होता आणि नेपोलियनशी युद्ध चालू होते. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन याला पहिला वनसंरक्षक नेमले गेले ते आरमाराचे लाकूड मिळवण्यासाठी. लोकांची नाराजी वाढली आणि १८२३ मध्ये ते पद रद्द झाले. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज मलबारी सागाचे आहे आणि आजही ते इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. लाकूड दोनशे वर्षे टिकले. ते ज्या रानातून आले, त्या रानांची काळजी मात्र कोणी घेतली नाही.

तीन दशकांनी चूक लक्षात येऊ लागली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनसंरक्षकाचे पद निर्माण झाले आणि त्यावर अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. हे पेशाने डॉक्टर आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याजवळ दापोडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे काम ते पाहत. दक्षिण कोकणातील डोंगर उघडे पडल्यावर ओढे आणि झरे लवकर आटू लागले, हे निरीक्षण त्यांनी सरकारपुढे मांडले. झाडी, झरा आणि उतार यांचा जो संबंध अमात्यांच्या नियमांत न सांगता दडलेला होता, तो आता शास्त्रज्ञाच्या अहवालात शब्दांत आला. पण तोवर झाडी गेलेली होती. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल आजही फार थोडे आहे. जी झाडी आहे ती बहुतेक खासगी मालकीची आहे आणि ठरावीक वर्षांनी तुटते.

आता भाट्याच्या खाडीकडे परत पाहू. साखरप्याकडच्या सह्याद्रीच्या उतारांवरून काजळी नदी निघते आणि डोंगराळ मुलूख पार करून भाट्ये येथे समुद्राला मिळते. तिच्या वाटेतील प्रत्येक उघड्या उताराची माती तिच्यात येते. खाडीत भरतीचे पाणी आणि नदीचे पाणी समोरासमोर आले की प्रवाहाचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. तोंडाशी जो दांडा दिसतो, त्यात लाटांनी किनाऱ्यालगत वाहून आणलेली वाळूही आहे. सगळा दोष डोंगराचा नाही. पण डोंगरावर जे तुटते त्याचा काही भाग खाडीत येऊन बसतो, हे नक्की. होडी बाहेर अडकते तेव्हा मच्छीमाराला त्याची किंमत मोजावी लागते.

कुंपणाच्या आत

येथपर्यंतच्या कथेवरून असे वाटेल की सैन्य असेपर्यंत रान राखले जाते. विसाव्या शतकाने या समजुतीला आधारही दिला आणि धक्काही दिला.

आधार असा. इंग्लंडच्या दक्षिणेस सॉल्सबरी प्लेन नावाचे पठार आहे. तेथील जमीन लष्कराने १८९७ पासून सरावासाठी विकत घ्यायला सुरुवात केली. बाहेरची गवताळ जमीन नांगराखाली आणि खतांखाली गेली, आतली राहिली. आज वायव्य युरोपातील चुनखडीवरच्या जुन्या गवताळ प्रदेशाचा सर्वांत मोठा तुकडा तेथे आहे. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात फेअरी श्रिंप नावाचा, झिंग्याचा दूरचा नातलग असलेला पारदर्शक जीव वाढतो. डबके आटले की त्याची अंडी सुकलेल्या चिखलात टिकून राहतात. कोरियात १९५३ च्या युद्धविरामानंतर दोन्ही देशांमध्ये चार किलोमीटर रुंदीचा आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचा पट्टा माणसांना बंद झाला. तेथे दुर्मिळ क्रौंच पक्षी हिवाळ्याला उतरतात. महाराष्ट्रात खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी त्या वेळच्या मुंबई सरकारने दिलेली जमीन सुमारे आठ हजार एकर आहे. पुणे शहर चहूबाजूंनी वाढत गेले, पण प्रबोधिनीच्या आवारातील टेकड्यांवर झाडी उभी आहे.

धक्का असा. ज्या जमिनीला कुंपण घातले, तिच्यावरच बाँबही टाकले जातात. कारवारच्या दक्षिणेला मुरुडेश्वरसमोर नेत्राणी नावाचे बेट आहे. तेथे प्रवाळ आहे आणि समुद्री गरुडाची घरटी आहेत. हा पक्षी आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही घरटी करतो. नौदलाने नेत्राणीचा उपयोग नेमबाजीच्या सरावासाठी केला, आणि निसर्ग-अभ्यासकांना त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. शिवाय न फुटलेले तोफगोळे, इंधनाची गळती, शिशाचे अवशेष हे लष्करी जमिनीचे नेहमीचे प्रश्न आहेत.

म्हणजे कुंपण स्वतः काही राखत नाही. ते फक्त शेती, इमारती आणि गुरे यांना बाहेर ठेवते. आत काय व्हायचे ते आतल्या माणसांनी ठरवायचे असते. अमेरिकेने हे १९६० मध्ये कायद्यात आणले. साइक्स कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने लष्करी तळांवरील वन्यजीवांचे नियोजन करण्याची वाट घालून दिली आणि पुढच्या दुरुस्त्यांनी प्रत्येक मोठ्या तळाला निसर्गसंपत्तीचा आराखडा करणे भाग पाडले. तेव्हापासून तेथील लष्करी तळांवर जीवशास्त्रज्ञ कामाला असतात. कोणता पक्षी कोठे आहे, सराव कोणत्या महिन्यात कोठे टाळायचा, मोडलेला उतार कसा बांधायचा, हे ते ठरवतात. झाडी कोणाच्या जबाबदारीवर, या जुन्या प्रश्नाला तेथे पुन्हा एकदा उत्तर मिळाले.

फावडे हातात घेतलेले सैनिक

भारताने थोडी वेगळी वाट धरली. मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणींनी उतारच्या उतार सोलून काढले होते. पावसाळ्यात दगडगोटे खालच्या डून खोऱ्यात येत, झरे बंद पडत. १९८२ च्या डिसेंबरात प्रादेशिक सेनेची एक खास पलटण उभारली गेली: १२७ वी, गढवाल रायफल्सशी जोडलेली. तिचे काम लढणे हे नव्हते, उजाड डोंगर पुन्हा उभा करणे हे होते. जवान घेतले ते त्याच मुलखातील निवृत्त सैनिकांमधून. रोपे आणि तांत्रिक सल्ला वनखात्याकडून यायचा. पुढे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डून खोऱ्यातील अनेक खाणी बंद करण्याचा आदेश दिला. तो खटला देशातील पर्यावरणविषयक खटल्यांमध्ये पायाभूत मानला जातो.

या पलटणीने जे केले ते शिक्षकांनी समजून घ्यावे, कारण वृक्षारोपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खड्डा, रोप आणि छायाचित्र एवढेच येते. येथे क्रम निराळा होता. आधी घसरणारा उतार थांबवायचा: दगडांनी भरलेल्या तारांच्या जाळ्या, नाल्यात लहान बांध. मग गवत आणि झुडपे; त्यांनी माती धरली की झाडे. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत लांब चालणारे काम म्हणजे राखण. आग, चराई आणि तोड यांपासून रोप जगवणे. शिस्त, मुक्काम आणि वर्षानुवर्षे एकाच डोंगरावर राहण्याची तयारी यांचा उपयोग नेमका येथे झाला.

१९८३ मध्ये अशीच दुसरी पलटण राजस्थानात, इंदिरा गांधी कालव्याकाठच्या वाळूच्या टेकड्या थोपवण्यासाठी उभारली गेली. पुढे कुमाऊँ आणि इतर भागांत आणखी झाल्या. महाराष्ट्रात २०१७ मध्ये १३६ वी पर्यावरण पलटण मराठवाड्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, उभी राहिली. ती महार रेजिमेंटशी जोडलेली आहे. कमी पावसाच्या, उघड्या माळांच्या मुलखात झाडे लावणे आणि जगवणे हे तिचे काम.

या पलटणींचे कौतुक करताना शास्त्राचा एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे: लावलेले बन म्हणजे अधिवास का? याचे उत्तर शोधायला भाट्याच्या पुळणीइतकी चांगली जागा नाही. येथील सुरू मुळात आपल्याकडचा नाही. तो आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडून आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली. वारा अडवणे आणि वाळू धरणे ही कामे तो चोख करतो. पण त्याच्या खाली पडणाऱ्या सुईसारख्या काड्यांच्या जाड थरात दुसरे फारसे काही उगवत नाही. वाळूवर मुळात पसरणारी मर्यादवेल आणि तिच्या आधाराने जगणारे जीव मागे हटतात. सुरू भरतीरेषेच्या फार जवळ लावला, तर ऑलिव्ह रिडले कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही. म्हणून लावलेली झाडे मोजून काम पुरे होत नाही. त्या जागी आधी काय होते आणि त्यातले काय परत आले, हे मोजावे लागते.

हाच प्रश्न रत्नागिरीच्या सड्यांनाही लागू आहे. तटरक्षक दलाचा वावर असलेला रत्नागिरीचा विमानतळही अशाच जांभ्याच्या सड्यावर आहे. कागदोपत्री सडा म्हणजे पडीक जमीन. पण पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत डबकी साचतात. त्यांत कीटकभक्षी वनस्पती, छोटे बेडूक आणि फेअरी श्रिंपचे सह्याद्रीतील भाऊबंद दिसतात; सॉल्सबरीच्या चाकोरीतील गोष्ट येथे आपल्या पायाखाली घडते. काही सड्यांवर तर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. अशा जागी माती आणून झाडे लावणे म्हणजे अधिवास उभारणे नव्हे, मोडणे होय.

शाळेसाठी

त्या शिक्षिकेच्या प्रश्नाला आता सविस्तर उत्तर देता येईल. जवळच्या किल्ल्यावर सहल जाईल तेव्हा मुलांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने पाण्याच्या जागा शोधाव्यात: टाकी किती, कोणत्या खडकात, पाणी कोठून येते, मार्चमध्ये किती उरते. दुसऱ्या गटाने उतारावर दहा पावले लांब आणि दहा पावले रुंद असे दोन चौकोन आखावेत, एक झाडीतला आणि एक उघडा. प्रत्येकात किती प्रकारची झाडेझुडपे आहेत आणि पाचोळ्याचा थर किती बोटे जाड आहे, ते लिहावे. तिसऱ्या गटाने पायथ्याच्या वस्तीतील जुन्या माणसांना विचारावे, झरा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे.

दुसरा प्रयोग जुलै महिन्यात करावा. नदीवर दोन ठिकाणी, एक झाडीतून येणारा ओढा आणि एक उघड्या माळावरून येणारा, एकेक लिटर पाणी काठावरूनच, मोठ्यांच्या देखत, पारदर्शक बाटलीत भरावे. बाटल्या दोन दिवस हलवू नयेत. तळाशी बसलेल्या गाळाची उंची पट्टीने मोजावी. दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच आठवड्यात हे केले, तर पाच वर्षांनी शाळेकडे असा तक्ता तयार होईल जो तालुक्याच्या कचेरीतही बहुधा नसेल.

भाट्ये येथील शाळेला तर हे खाडीच्या काठावरच करता येईल. समोर रत्नदुर्ग आहे. तेथे आता तोफा नाहीत, आणि उतारावरच्या झाडीत बंदूकधारी लपवायची कोणाला गरज नाही. ती गरज संपली तेव्हा एक काठीही तोडू न देण्याचा नियमही संपला. तो नियम पुन्हा हवा असेल, तर या वेळी कारण वेगळे असेल: पायथ्याचा झरा, नदीतील माती, आणि ओहोटीला खाडीबाहेर थांबलेली ती होडी. कारण बदलले तरी अमात्यांचा जुना प्रश्न तसाच राहतो. उतारावरची झाडी कोणाच्या जबाबदारीवर आहे? मुलांना किल्ल्यावर नेल्यावर विज्ञानाच्या शिक्षकाने आधी हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर शोधायला त्यांना खाली नदीपर्यंत घेऊन जावे.